‘पुन्हा’मधला ‘ह’

दुपारी साडेतीनला कंपनीचं हिरवं दार एकदाचं उघडलं. चिंधा शिपायाने डोकं बाहेर काढलं आणि व्हरांड्यातल्या अकरा जणांकडे न बघताच तो ओरडला, “पुना या!”

दहा जणांनी कपाळावर हात मारला. सकाळपासून ताटकळत बसलेली माणसं ती. कोणी भुसावळहून आलेलं, कोणी रावेरहून, आणि एवढं बसून शेवटी ऐकायचं काय, तर पुन्हा या! शेवंताने दाखल्यांची पिशवी उचलली. तेवढ्यात बाकाच्या टोकाला बसलेला एक उंच, सावळा तरुण ताडकन उठला, डोक्यावरची टोपी सारखी केली, “जी!” म्हणाला, आणि चिंधाच्या बगलेतून सरळ साहेबांच्या खोलीत शिरला.

दार लागलं.

“हा कसा काय गेला आत?” कोणीतरी म्हणालं.

“वशिला! दुसरं काय असणार?”

शेवंताच्या अंगाचा तिळपापड झाला. आदल्या दिवशी एस.टी.तून पारोळा-एरंडोलची धूळ खात ती धुळ्याहून जळगावला आली होती, मावशीकडे मुक्काम केला होता, आणि अकरा उमेदवारांत एकटी मुलगी म्हणून दिवसभर सगळ्यांच्या नजरा सोसल्या होत्या. ते सगळं ह्या टोपीवाल्याची वशिल्याची मिरवणूक बघायला?

गोष्ट सत्तावन्न सालच्या मार्च महिन्यातली. उदयभानू तेल कंपनीला मराठी टायपिंग येणारा एक कारकून हवा होता. शेवंता मॅट्रिक झालेली, धुळ्याच्या टायपिंग क्लासात पहिली आलेली. कंपनीचं बोलावण्याचं पत्र आलं तेव्हाच खरं तर तिने शहाणं व्हायला हवं होतं. पत्रात लिहिलं होतं, ‘सकाळी दा वाजता मूळ दाखल्यांस जर रावे.’

“जर रावे म्हणजे?” तिचे वडील भाईदासनाना गोंधळून म्हणाले होते. “आणि नाही रावलं तर?”

“नाना, ‘हजर राहावे’ आहे ते. यंत्राचा ‘ह’ उमटत नाही त्यांच्या.”

“ज्या कंपनीला ‘ह’ परवडत नाही, ती तुला काय पोसणार?” नाना म्हणाले, पण त्यांनी जाऊ दिलं. एक अट मात्र घातली. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, नोकरी लागली तर लागली, नाही तर अमळनेरच्या पाहुण्यांना होकार कळवायचा. अमळनेरचा मुलगा दोनदा येऊन शेवंताला बघून गेला होता. दोन्ही वेळा त्याने तिच्याशी एक अक्षर न बोलता तीन बशा चिवडा संपवला होता.

म्हणून ही नोकरी तिला हवी होती… फार हवी होती!

पाच मिनिटांत तो टोपीवाला बाहेर आला आणि आवाराच्या कडेला लिंबाखाली ठेवलेल्या माठाकडे गेला. त्याचे खांदे हलत होते. रडतोय की काय? शेवंता तरातरा त्याच्याकडे गेली.

“कोणाचा वशिला आहे हो तुमचा?”

त्याने वळून पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं खरं, पण हसण्याचं.

“माझ्या आत्याचा.”

“आत्या कंपनीत आहेत?”

“नाही, धरणगावात असते. बारशाला तिने माझं नाव ठेवलं… पुना.”

पुना… पुना या! शेवंताच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नेमका त्याच वेळी तिने पाण्याचा पेला ओठाला लावला होता. पाणी नाकात गेलं, ठसका लागला, डोळे वाहायला लागले, आणि तरीही हसू आवरेना.

“हळू, हळू,” तो घाबरून म्हणाला. “आतली हकीकत तर अजून सांगितलीच नाही. साहेब दाढी करून घेत होते. अर्ध्या गालाला फेस, न्हाव्याचा वस्तरा गळ्यापाशी. विचारलं, ‘कोण?’ मी म्हटलं, ‘पुना.’ ते म्हणाले, ‘हो, पुन्हा! सांगितलंय ना? मग आज कशाला?’ मी म्हटलं, ‘बोलावलंत म्हणून.’ ‘कोणाला बोलावलं?’ ‘पुनाला.’ ‘कधी?’ ‘आत्ताच!’ बिचाऱ्या न्हाव्याचाच वस्तरा थरथरायला लागला.”

“मग?”

“मग मी दाखला दाखवला. साहेबांनी नाव वाचलं आणि म्हणाले, ‘बरं, पुना, तुम्ही पुन्हा या.’”

“त्या शिपायानेच नीट बोलावं,” शेवंता डोळे पुसत म्हणाली. “पुन्हा! ‘ह’ आहे त्यात.”

“आमच्याकडचा ‘ह’ कधीच उनात वाळून गेला.”

“उन्हात.”

“तेच ते!” तो म्हणाला आणि असा काही हसला की शेवंताने उगाचच पदर सारखा केला. पदर अगदी जागेवर होता.

आठ दिवसांनी पुन्हा बोलावणं आलं. शेवंता व्हरांड्यात पोहोचली तेव्हा बाक भरलेला होता. फक्त एका जागेवर कोणीच नव्हतं. तिथे टोपी ठेवलेली होती. तिला बघताच शेजारी बसलेल्या टोपीच्या मालकाने ती उचलून डोक्यावर घातली आणि भिंतीकडे बघत बसला. जणू टोपी आपणहूनच तिथे जाऊन बसली होती.

“आज परीक्षा आहे म्हणे टायपिंगची,” तो भिंतीला म्हणाला.

“तुम्हाला येतं?” शेवंताने समोरच्या लिंबाला विचारलं.

“दोन बोटांनी. पण ती दोन बोटं फार तयार आहेत.”

परीक्षा अजब होती. एकेकाला आत घेऊन पत्रांच्या कच्च्या मसुद्यांचा गठ्ठा पुढे ठेवत, आणि ‘सगळी छापा’ म्हणत. शेवंताच्या वाट्याला चौदा पत्रं आली. मशीन जुनं होतं, आणि त्याच्या ‘ह’ची पट्टी अर्ध्यात मोडलेली. ‘महाशय’ छापावं तर कागदावर ‘माशय’ उमटायचं. आधीच्या उमेदवारांनी तसंच ठोकून दिलं होतं. शेवंताला ते बघवेना. तिने प्रत्येक ‘ह’ला जागा सोडली, आणि पत्र मशीनमधून काढल्यावर दौत-टाक घेऊन एकेक ‘ह’ हाताने भरला, तोही छापल्यासारखा ठसठशीत. खाली डाव्या कोपऱ्यात, क्लासच्या मास्तरांनी लावलेल्या सवयीप्रमाणे, आपल्या नावाचं पहिलं अक्षर टाकलं : शे.

बाहेर आली तर बोटं शाईने निळी झालेली. पुनाने माठातून पाणी काढलं आणि तिच्या हातांवर ओतलं. अगदी बारीक धार धरली होती त्याने. बोटं स्वच्छ झाली तरी धार थांबेना, आणि शेवंताही हात मागे घेईना.

“अहो, पुरे,” ती शेवटी म्हणाली. त्याचं नाव मात्र तिच्या तोंडून निघेना. परक्या पुरुषाचं नाव घ्यायची घरात रीत नव्हती, आणि तसं बघितलं तर आता हा परका वाटतही नव्हता. म्हणजे दोन्हीकडून पंचाईतच!

“ही नोकरी मिळाली नाही तर?” त्याने विचारलं.

शेवंताने अमळनेरचं सगळं सांगून टाकलं. तो ऐकत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळत होतं.

“म्हणजे तिकडेही तुमची मुलाखतच चाललीय.”

“तिकडे टायपिंग विचारत नाहीत. चालून दाखवायला सांगतात.”

“आणि मग?”

“मग म्हणतात… कळवतो.”

तो काहीतरी बोलणार होता. ओठ उघडलेही होते… पण तेवढ्यात हिरवं दार करकरलं.

“पुना या!”

पुनाने तिच्याकडे बघून हळूच विचारलं, “मला म्हणतोय की बठ्ठ्यांना… सगळ्यांना?” सगळे वैतागलेले असताना शेवंता एकटीच तोंडाला पदर लावून हसत होती. शिपाई चिंधाकाका मात्र ‘माझा काय दोष?’ अशा सुरात ओशाळून म्हणाले, “मनाकडे काय बघतस? साहेबनी सांगं, मी सांगं.”

तिसऱ्या खेपेला व्हरांड्यात बाकही होता, जागाही होती, आणि टोपी नव्हती.

शेवंताने तीनदा फाटकाकडे पाहिलं. मग आपण पाहिलंच नाही असं स्वतःला बजावलं आणि चौथ्यांदा पाहिलं. एप्रिल अर्धा संपला होता. ऊन असं की लिंबाच्या सावलीलाही घाम फुटावा. आखाजीला पंधरा दिवस उरले होते, आणि आज निकाल सांगणार असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. पण तिचं चित्त निकालात कुठे होतं? त्याने नाद सोडला असेल. शहाणा माणूस तीनदा कशाला येईल? आणि आला नाही तर… आपण त्याला पुन्हा कुठे बघणार?

एवढ्यात तो आला. स्टेशनपासून धावत आलेला, टोपी हातात, सदरा पाठीला चिकटलेला.

“गाडी उशिरा…” तो धापा टाकत म्हणाला. “हे… हे बघा आधी!”

त्याने खिशातून एक पत्र काढून तिच्या हातात दिलं. उदयभानू तेल कंपनीचं पत्र, धरणगावच्या खरेदी-विक्री संघाला लिहिलेलं. ‘महाशय, हल्ली हवी तशी सरकी हाती येत नाही…’ प्रत्येक ‘ह’ निळ्या शाईने भरलेला. आणि खाली कोपऱ्यात : शे.

“हे तर मी परीक्षेत छापलेलं!” शेवंता म्हणाली. “हे तुमच्याकडे कसं?”

“पोस्टाने आलं. माझे काका, आबा, संघाचे चेअरमन आहेत. परीक्षा कसली? आपल्याकडून कंपनीची तुंबलेली पत्रं फुकट छापून घेतलीत ह्यांनी! कारकून कशाला नेमतील? आठ-आठ दिवसांनी अकरा जण येतात, गठ्ठा संपवतात, आणि पुन्हा या!”

पत्र हातोहात बाकावरून फिरलं. रावेरच्या एका उमेदवाराने सतरा पत्रं छापली होती, भुसावळच्याने वीस. व्हरांडा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गुणगुणायला लागला. तोच दार उघडून स्वतः मॅनेजरसाहेब बाहेर आले. आज दाढी दोन्ही गालांची झालेली होती.

“निकालाआधी एक शेवटची परीक्षा आहे,” ते गोड आवाजात म्हणाले. “आधी बाई येऊ द्या. तीस पत्रं आहेत फक्त.”

शेवंता उठली. पुनाने तिच्याकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच सांगितलं, थांबा. मशीनवर बसल्यावर पहिली दोन अक्षरं चुकली. पण नंतर बोटं सुटली. गठ्ठ्याला तिने हातही लावला नाही. पाच मिनिटांत एकच पत्र छापून ती बाहेर आली आणि तिने ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं.

“महाशय, आपली कंपनी आम्ही तीन वेळा येऊन पाहिली. आम्हाला ती पसंत नाही. आपण आमची वाट पाहू नये. क्षमस्व.”

काय हशा उसळला! चिंधाकाकाही भिंतीकडे तोंड करून हसले. पुनाने पुढे होऊन पहिली सही केली, मग एकामागून एक दहा जणांनी. ह्या पत्रात शेवंताने एकही ‘ह’ भरला नव्हता. कंपनीला ‘माशय’ म्हणूनच तिने कंपनीचा निरोप घेतला.

मॅनेजरसाहेब, “अहो, ऐका तर…” म्हणत राहिले, आणि अकराच्या अकरा जण फाटकाबाहेर पडले. लढाई मारून यावं तसे!

एस.टी. स्टँडवर पोहोचेपर्यंत तो आनंद टिकला. धुळ्याची गाडी समोर दिसली आणि शेवंता एकदम भानावर आली. नोकरी हातची गेली होती. घरी जाऊन नानांना काय सांगायचं? कंपनीला मी नापसंत केलं, आता अमळनेरला होकार कळवा?

“शाबासकी द्यायची राहिलीच,” मागून आवाज आला. तिने वळून पाहिलं नाही. डोळे भरले होते. “रडताय?”

“धूळ गेलीय.”

“दोन्ही डोळ्यांत?”

कंडक्टरने घंटी मारली. ती घाईने गाडीत चढली. पुना खिडकीखाली येऊन उभा राहिला. त्याला पुष्कळ बोलायचं होतं आणि गाडीला जायचं होतं.

“आबांनी ते पत्र चारदा वाचलं,” तो भराभर म्हणाला. “संघाने नवं मशीन घेतलंय, चालवणारं कोणी नाही. आबा सारखे विचारतायत, ‘शे’ कोण शे? म्हणजे, ‘शे’ कोण आहे?”

“मग तुम्ही काय सांगितलं?”

“सांगितलं… शे एक.” त्याचे कान लाल झाले. गाडी हलली. तो शेजारून धावायला लागला. “पत्ता! धुळ्याचा पत्ता!”

“गल्ली नंबर चार!” शेवंता खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ओरडली. “पिंपळाला लागून!”

सगळी गाडी तिच्याकडे बघत होती. बघेना का!

त्यानंतर अकरा दिवस गेले. ते कसे गेले ते शेवंतालाच ठाऊक. पोस्टमन दारावरून जाताना तिला त्याचा राग यायचा. आखाजी चार दिवसांवर आली. गल्लीतल्या सासुरवाशिणी माहेरी आल्या, पिंपळाला झोके बांधले गेले. शेवंता एकदाही झोक्यावर बसली नाही. मग एका सकाळी आई, यशोदाबाई, लगबगीने स्वयंपाकघरात आल्या.

“ऊठ, लुगडं बदल. पाहुणे आले बघायला. नाना त्यांच्याशी बोलतायत.”

आलेच म्हणायचे अमळनेरकर! चार दिवसही धीर धरवला नाही. शेवंताने पोह्यांच्या बशा तबकात मांडल्या आणि मान खाली घालून ती बाहेरच्या खोलीत आली. दोन पाहुणे होते. तिला दिसत होते फक्त पाय आणि सतरंजी. सतरंजीवर एक टोपी ठेवलेली होती.

ती टोपी!

तबक कलंडलं. “जी, जी, सांभाळून!” म्हणत कोणीतरी पुढे होऊन ते धरलं. शेवंताने वर पाहिलं आणि तिचं काळीज एवढं जोरात उडालं की तिला वाटलं, नानांना ऐकू जाणार.

“पोर, बस,” पांढऱ्या मिशांचे आबा म्हणाले. “एक सांग. मिनिटाले किती शब्द?”

नाना गडबडले. “शब्द? नाही हो, फार बोलत नाही ती. स्वयंपाक सगळा येतो.”

“पस्तीस,” शेवंता म्हणाली.

“आणि मशिनना ‘ह’ मोडना तं काय करशी?”

“शाईने भरेन.”

“पसंत शे!” आबांनी मांडीवर थाप मारली.

नानांचा चेहरा उजळला. “मग मुहूर्त कधीचा धरायचा?”

“सोमवारना. सकाळी धा वाजता.”

“पंचांग न बघताच?”

“संघना हापिसले कसाले पंचांग?” आबा म्हणाले, आणि त्यांनी खिशातून नेमणुकीचं पत्र काढून सतरंजीवर ठेवलं.

मग जो खुलासा झाला आणि जे हसं झालं, ते विचारू नका. नाना हसता हसता खोकायला लागले. नाना आणि आबांची दहा मिनिटांत ओळख निघाली, पंधराव्या मिनिटाला नातं निघालं. जळगावच्या मावशीकडे राहायचं, रोज पॅसेंजरने धरणगावला जायचं यायचं, हेही ठरलं. शेवंताने नेमणुकीचं पत्र दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

“आणि अमळनेरकरांना काय सांगू?” नानांनी विचारलं.

“सांगा… कळवतो,” आबा म्हणाले. मग मिशी चाचपत त्यांनी पुतण्याकडे एक तिरपी नजर टाकली. “नोकरीनं व्हयनं. आमना पोऱ्यानी दुसरी एक मुलाखत शे. वाटभर घोकत उना, आते तोंड उघडत नही. पण जबरदस्ती नही. पोर बोलावशी तं येवाना, नही तं नही.” मुलीने बोलावलं तरच मुलगा पुढच्या बोलणीला येणार, हे सगळ्यांनाच उमगलं.

पुनाने टोपी हातात घेतली होती आणि तिची घडी तो उलटसुलट करत होता. ती टोपी पुढे कधी डोक्यावर घालण्यासारखी राहिली असेल, असं वाटत नाही. नानांनी यशोदाबाईंकडे पाहिलं. यशोदाबाईंनी शेवंताकडे पाहिलं. शेवंता कोणाकडेच बघत नव्हती.

पाहुणे निघाले. आबा पायऱ्या उतरून उन्हात उभे राहिले. पुना मागे रेंगाळला, शेवटच्या पायरीवर थांबला, आणि त्याने वळून पाहिलं. एरवी एवढी बडबड करणारा तो माणूस, पण आता सगळं नुसतं डोळ्यांत आणून उभा होता.

निघालेल्या पाहुण्यांना दारात येऊन निरोप द्यायची घरची रीत होती. शेवंता उंबऱ्यापाशी आली. आई मागे उभी होती, नाना बाजूला, आणि समोरच्या झोक्यावरच्या सगळ्या माहेरवाशिणी झोका थांबवून बघत होत्या. चौदा पत्रांतला प्रत्येक ‘ह’ हाताने भरणारी मुलगी ती. तिने एक श्वास घेतला.

“पुना… या,” ती म्हणाली.

नानांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. पुनाचा पाय मात्र पायरीवरच राहिला.

“आणि ‘ह’?” त्याने अगदी हळू विचारलं. “‘ह’ कुठे गेला?”

शेवंताने सगळ्यांदेखत त्याच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

“उनात वाळला.”